हसा हसा, पण जपून

हो, मीच ती. बसस्टॉपवरची. आता एवढं निरखून बघताच आहात तर नीट बघून घ्या, ही डावी बाजू, ही उजवी, झालं समाधान? नाही, बघण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, अख्खं गाव बघतंय, पण बघून झाल्यावर शेजारणीच्या कानाला लागून 'अगं तीच ती, लघवीवाली' असं जे चाललंय ना, ते ऐकू येतं मला. कान ठणठणीत आहेत माझे. आणि तुम्ही, कोपऱ्यातल्या काकू, तुम्ही गुडघ्यासाठी आलात म्हणालात ना आत्ता? हो हो. मीसुद्धा पहिल्या दिवशी गुडघाच सांगितला होता. या बाकावर बसणाऱ्या प्रत्येक बाईचा गुडघाच दुखतो, आणि आत गेल्यावर मॅडम गुडघ्याला हातसुद्धा लावत नाहीत. हसा हसा, पण जपून.

तर तो फोटो. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. आमच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे, तिथे या आरोग्य केंद्राचं शिबिर होतं, फुकट बीपी बघत होते म्हणून गेले जेवणाच्या सुट्टीत. तिथे एक कॅमेरावाली पोरगी. 'ताई, आरोग्याच्या पोस्टरसाठी एक फोटो काढू? तुमचं हसू किती छान आहे.' आता मला सांगा, माझ्या हसण्याला छान म्हणणारं माणूस शेवटचं कधी भेटलं असेल? मी विरघळले. म्हटलं काढ. माझ्या डोळ्यांपुढे काय, तर मी हातात दुधाचा ग्लास घेऊन उभी आणि खाली लिहिलंय, पालेभाज्या खा. पन्नाशीला आले तरी बघा कशी तुकतुकीत. केस सारखे केले, लिपस्टिक लावली. ती म्हणाली, 'मोकळं हसा ना ताई,' आणि तिनं कसलातरी विनोद सांगितला, आणि मी ओठ घट्ट मिटून, डोळे मोठे करून, सगळं हसू आतल्या आत धरून उभी राहिले. 'परफेक्ट,' म्हणाली. 'अगदी हाच भाव पाहिजे होता.' विषय विचारायचं मला सुचलंच नाही हो. हाच भाव म्हणजे कसला, हे तरी विचारावं की नाही माणसानं?

आता हसू का धरलं ते सांगते. धाकट्याच्या बाळंतपणापासूनचं आहे हे. शिंक आली की थोडी, खोकला आला की थोडी, जड बादली उचलली की थोडी, आणि हसू आलं की विचारूच नका. मग काय करते बाई? गडद रंगाचे कपडे घालते. पाणी कमी पिते. शिंक येतेय असं वाटलं की पायाला पाय गुंफून उभी राहते आणि लोकांना वाटतं, काय नाजूक उभी राहते ही. आणि हसणं, ते तर सोडूनच दिलं. दुकानात मला 'कडक बाई' म्हणतात. कडक कसली, घाबरलेली होते मी.

त्याचंही काही नाही हो, माणूस न हसता जगतं. पण माझी एक मैत्रीण आहे. शाळेतली. भोंगा म्हणायचो आम्ही तिला. ती नुसती आत आली की माणसं हसायला लागायची, नकला अशा करायची की मेलेला उठून बसेल. वर्गात एका बाकावर बसलो, एकमेकींच्या लग्नात रडलो, आणि मी काय केलं, तर तिला भेटणं बंद केलं. कारण तिच्यासमोर पाच मिनिटं कोरडी राहणं मला शक्य नव्हतं. आज पाहुणे आहेत, उद्या डोकं दुखतंय, परवा दुकानात माल यायचाय. तिच्या मुलीच्या लग्नातसुद्धा पाकीट हातात देऊन जेवणाआधी पळाले. त्या दिवशी ती म्हणाली, 'मोठी झालीस हो तू, आम्ही आता चालत नाही तुला.' आणि तेव्हापासून तिचा फोनही बंद. मी सांगणार काय? तिची सगळी माया एका वाक्यात परत आली असती, पण ते वाक्य काही तोंडातून निघेना. रात्री उशी तोंडावर घेऊन रडले. रडताना मात्र काही होत नाही, ही एक सोय आहे.

असो. आता आमच्या मालकांची एक पद्धत आहे. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला दारात उभं करायचं आणि म्हणायचं, 'समोर बसस्टॉपवर काय लिहिलंय ते वाचा.' तक्त्यावरची अक्षरं लोकांना पाठ असतात, रस्त्यावरचं वाचता आलं तर चष्मा खरा, असं त्यांचं म्हणणं. साबण वाचून झाले, सिमेंट वाचून झालं, मोक्याच्या जागी फ्लॅट वाचून झाले. त्या दिवशी सकाळी एक आजोबा आले, रिटायर्ड हेडमास्तर. आवाज असा की मागच्या बाकापर्यंत पोचावा. मी त्यांच्या कानामागे काडी नीट बसवली, दारात नेलं, मालक म्हणाले वाचा. आजोबा वाचतात, 'हसताना.' छान. 'शिंकताना. खोकताना.' वा, अगदी स्पष्ट. 'लघवी... सुटते?'

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मालक घाईघाईनं म्हणतात, 'बास बास, दिसतंय तुम्हाला.' पण हेडमास्तर ते, धडा अर्धवट सोडतील? 'लाजू नका. तुम्ही एकट्या नाही. आम्हाला भेटा.' मग त्यांनी मान वर केली. पोस्टरकडे बघितलं. चष्मा नाकावर पुढे घेतला, मागे घेतला. वळून माझ्याकडे बघितलं. परत तिकडे. आणि अत्यंत समाधानानं म्हणाले, 'चष्मा उत्तम झालाय. या तर तुम्हीच.'

रात्रीत लावलं होतं मेल्यांनी, आणि मी येते मागच्या गल्लीतून, मला काय ठाऊक. माणसाच्या दुप्पट उंचीचं माझं थोबाड, ओठ मिटलेले, डोळे मोठे, आणि मला एका क्षणात कळलं तो 'हाच भाव' म्हणजे कुठला भाव ते. बरं, खोटं असतं तर मी भांडले असते, पोलिसात गेले असते. पण खरं होतं ना. त्या पोरीला माहीत नव्हतं, मालकांना नव्हतं, माझ्या सख्ख्या नवऱ्याला नव्हतं, आणि एवढ्या शहरातून तिनं नेमकी मलाच उचलली. हसा हसा, पण जपून.

घरी गेले तर आमचे हे दारातच. 'अगं, घरातल्या गोष्टी बाहेर कशाला सांगायच्या?' म्हटलं, 'मी कुठे सांगितलं? नुसता फोटो दिला.' तर म्हणतात, 'म्हणजे... खरं आहे हे?' झालं का. इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी झोपतोय. प्रत्येक प्रवासात मी पहिल्यांदा संडास कुठे ते विचारते, सिनेमात कडेची खुर्ची मागते, त्याला सर्दी झाली की स्वतः अंथरूण उचलून दुसऱ्या खोलीत झोपते, म्हणजे शिंका मला लागायला नकोत. ह्याला वाटायचं मला स्वच्छतेची आवड आहे. बसले मी कपाळाला हात लावून.

मग आईचा फोन. आई ऐंशीची, तिला कोणीतरी सांगितलं. मी म्हटलं, आता ही बोलणार, घराण्याची अब्रू घालवलीस. तर म्हणते, 'त्यात काय एवढं बोर्ड लावण्यासारखं? मला तुझ्या वेळेपासून आहे.' मी म्हटलं, 'काय?' 'तुझ्या आजीलाही होतं. मावशीला आहे. बाईला असतंच ते.' 'अगं आई, मग मला कधी बोलली का नाहीस?' तर म्हणते कशी, 'तू तरी मला कुठे बोललीस?' मला चारचौघांत कसं बसायचं, भात कसा गाळायचा, कुणाच्या घरी किती वेळ बसायचं, सगळं शिकवलं या बाईनं. हे तेवढं राहिलं.

आणि खरा धक्का तर पुढेच. दुकानात बायका यायला लागल्या. चष्मा नको असलेल्या बायका. फ्रेम उचलायची, डोळ्याला लावायची, आरशात बघतेय असं दाखवायचं आणि ओठ न हलवता, 'तुम्हाला किती वर्षं झाली हो?' मी हादरलेच. नोकरदार बाई, वरच्या मजल्यावरची वकीलबाई, दोरीवरच्या उड्या शिकवणारी व्यायामवाली, हो, तीसुद्धा, ती स्वतः एकही उडी मारत नाही, नुसती टाळ्या वाजवते. माझी सख्खी जाऊ आली. जिच्याशी मी वीस वर्षं एका स्वयंपाकघरात भांडले. फ्रेम उलटी लावून म्हणाली, 'मी तुमच्याआधीपासून.' म्हणजे आम्ही दोघी एका ओट्यापाशी, एकाच फोडणीच्या ठसक्याला, दोन दिशांना पळत होतो आणि दोघींना वाटायचं, दुसरी कामचुकार आहे. मालक मात्र खूश. संकोचापायी अर्ध्या बायका फ्रेम विकत घेऊन जायच्या. मी म्हटलं, पोस्टर काढायला सांगते, तर म्हणाले, 'बाई, सीझन जाऊ दे.'

तरी मी आले इथे. भांडायला. याच दारातून. आतल्या मॅडमसमोर उभी राहिले आणि म्हटलं, 'माझं तोंड काढा तिथून.' त्यांनी ऐकून घेतलं, माफी मागितली, विषय सांगायला हवा होता म्हणाल्या, पोरीची चूक झाली, उद्याच्या उद्या काढू. मी जायला वळले. तर हळूच विचारलं, 'आणि तुम्हाला स्वतःला आहे का त्रास?' मी म्हटलं, 'गुडघ्याला जरा आहे.' त्यांनी खुर्ची पुढे ओढून मला बसवलं. आणि मग मी जी रडायला लागले, ती थांबेचना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं हो मला. नुसतं विचारलं.

मग त्यांनी तपासलं, आणि समजावलं. खाली एक स्नायूंची झोळी असते म्हणे, बाळंतपणात ताणली जाते, सैल पडते. हातापायाला व्यायाम असतो तसा तिलाही असतो. लघवी आणि वारा, दोन्ही अडवून धरतोय असं आतून आवळायचं, वर ओढायचं, धरायचं, श्वास कोंडायचा नाही, आणि मग पूर्ण सैल सोडायचं. रोज. निदान तीन महिने. पुष्कळ जणींना फरक पडतो, नाही पडला तर पुढे दुसरे उपाय आहेत. मी म्हटलं, 'बस? एवढंच?' 'एवढंच.' मी एक मैत्रीण घालवली हो याच्यापायी, आणि उपाय काय, तर बसल्या जागी करायचा व्यायाम. घाम नाही, कपडे बदलायला नकोत, शेजारच्याला पत्ता लागत नाही. मी काउंटरवर करायचे, गिऱ्हाइकाचा नंबर तपासताना. एक जण घाबरून म्हणाला, 'बाई, तुमचा चेहरा असा का? फार वाढलाय का नंबर?' आणि पोस्टर, तुमच्या लक्षात आलंच असेल, अजून तिथेच आहे. मीच म्हटलं मॅडमना, राहू दे. हसा हसा, पण जपून.

फरक पडला. एकदम नाही, पण एक दिवस शिंक आली आणि मी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून शिंकले. आणि त्याच आठवड्यात फोन. भोंगा. हॅलो नाही, काही नाही. 'म्हणून भेटत नव्हतीस का गं तू मला?' मी म्हटलं, 'हो.' मग म्हणाली, 'ये.'

गेले. तिला हेडमास्तरांची गोष्ट सांगितली. झालं, ती उठली, डब्याचं झाकण डोळ्याला लावलं आणि हेडमास्तर झाली. 'हसताना. शिंकताना.' मी हसले. पहिल्यांदा घाबरत, मग मोकळी, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी. आणि मी वाट बघतेय, आता होणार, आता होणार, काही नाही. कोरडी ठाक. मी रडत हसतेय, ती 'चष्मा उत्तम झालाय' म्हणतेय, आणि म्हणता म्हणता गप्प झाली. ओठ मिटले. डोळे मोठे. पायाला पाय गुंफला. तो भाव मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? झाकण टाकून ती मोरीकडे पळाली.

बाहेर आली तेव्हा मी विचारलं, 'कधीपासून?' म्हणाली, 'धाकटीपासून.' 'अगं मग माझ्यावर रुसलीस कशाला?' तर खाली बघून म्हणते, 'रुसले होते. पण खरं सांगू? तू हसलीस की मलाही हसू यायचं. तू यायची बंद झालीस ना, मला जरा बरंच वाटलं होतं.' इतकी वर्षं. दोघीही. एकमेकींपासून लपून.

तर ती आता आत आहे. तिच्या व्यायामाचा पहिलाच आठवडा. बाहेर आली की कृपा करून कोणी गमतीचं काही बोलू नका, तिला सोसत नाही. माझ्याकडे तर ती हसू येईल म्हणून बघतही नाही, येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. म्हणजे बघा, एवढ्या वर्षांनी मी हसायला मोकळी झाले, मैत्रीण परत मिळाली, शेजारी येऊन बसली, आणि आता तीन महिने आम्ही दोघी फक्त हवामानावर बोलणार आहोत.