मेंढरांसाठी निवडलेलं चर्च

नामांतराच्या मोर्च्यामुळं वाळूजची बस अडकली होती. स्टँडवर माझ्यामागं एक बाप अन् त्याची मुलगी बोलत होते.

"पप्पा, योहान पणजोबांच्या लग्नाची नोंद सापडली."

"जुन्या वह्या चाळून तुझं अन् त्या मल्हारीचं लग्न जमायचं नाय. आपण ख्रिस्ती, ते हिंदू."

"म्हाळसाबाई पणजीपण हिंदूच होती."

"बरं, आपल्याच चर्चात सापडली ना?"

"नाही. बिडकीनकडच्या प्रोटेस्टंट चर्चात."

"काहीतरीच! आजोबा पक्के कॅथलिक. तिकडं कशाला जातील?"

"पणजीच्या वडिलांसाठी."

"मुंजाबासाठी? त्या धनगरानं तर पोरीच्या नावानं आंघोळ केली होती."

"साक्षीदार म्हणून त्यांचाच अंगठा आहे. खाली पाद्रीबाबांनी लिहिलंय, 'मुलीचा बाप मेंढरं सोडून येईना. आमच्या आवारात मेंढरं बसवायला जागा होती, म्हणून लग्न इथं लावलं.'"

"मेंढरं? चर्चात?"

"आवारात. दीडशे."

"अन् आम्हाला लहानपणापासून सांगितलं, आजीचा बाप लग्नाला आलाच नाय."

"पप्पा, तुमच्या कंपनीजवळ कोणतं चर्च आहे?"

"का गं?"

"माझ्या लग्नाला पाळी सोडून येता येणार नाही, म्हणालात ना?"

"बस आली बघ. चढ आधी."

"सांगा की."

"कंपनीजवळ कशाला? आपलं चर्च काय वाईट हाय? मल्हारीला म्हणावं, शुक्रवार बघ. शुक्रवारी कंपनीला सुट्टी असते."