सबवूफरची पेटी आणि घड्याळजींचा उजवा हात

जबाब देणार : खाली सही करणारी, वय ४३ वर्षे, धंदा तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतणे, राहणार बाजारामागची तीन मजली इमारत, दुसरा मजला, वडिलांसोबत.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्याप्रमाणे सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे वडील असे दोघेच राहतो. धाकटा भाऊ लग्नानंतर वेगळा राहतो. वडिलांचे वय ७६ आहे. बॉयलरच्या कारखान्यात रिव्हेट ठोकण्यात त्यांचा जन्म गेला व त्यातच दोन्ही कान गेले. कानाला यंत्र लावून पाहिले, उपयोग झाला नाही. समोरचा माणूस उजेडात, सावकाश बोलला तर ते ओठांवरून ओळखतात. इमारतीत लहानथोर सगळे त्यांना बॉयलर म्हणतात. "मला कुठं ऐकू येतंय, म्हणू दे," असे ते म्हणतात.

आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर घड्याळजी राहतात. ते घरीच घड्याळे दुरुस्त करतात. त्यांचे व वडिलांचे फार जुने सख्य आहे. दोघांत आजवर भांडण झालेले माझ्या पाहण्यात नाही.

आई असताना आईवडील दोघे मिळून सिनेमे बघत. आई गेल्यावर वडिलांनी टीव्हीवर चादर टाकली. मी एकदा काढली तेव्हा म्हणाले, "मासे बघितल्यासारखं वाटतं गं. तोंडं उघडतात नि मिटतात." मागच्या वर्षी आमच्या रस्त्याचे काम निघाले व रोलर आला. त्या दुपारी वडील खिडकीच्या काचेवर तळहात टेकवून उभे होते. जेवायला बोलावले तरी हलले नाहीत. "हाताला येतंय," एवढेच म्हणाले. त्यावरून मला सबवूफरची कल्पना सुचली.

सबवूफर म्हणजे सिनेमातला फक्त खालच्या पट्टीचा, घुमणारा आवाज काढणारी पेटी. आमच्या ऐपतीत बसेल अशी बघायला मी वडिलांना घेऊन दुकानात गेले. दुकानातल्या बाईंनी तीन पेट्या लावून दाखवल्या. वडील प्रत्येकीवर हात ठेवून डोळे मिटून बसले. पहिली सर्वांत मोठी होती. वडिलांनी लगेच हात काढला. म्हणाले, "हे नुसतं गुरगुरतंय. पाऊल कुठलं नि दार कुठलं, सगळा काला." बाईंनी सांगितले की तिला मागून भोक आहे, त्यामुळे दणका मोठा वाटतो पण आवाज लांबत राहतो. दुसरी लहान होती, ती पुरेशी खाली उतरत नव्हती. तिसरी सगळीकडून बंद, जड, एका बाजूला ओरखडा पडलेली. दुकानात मांडून ठेवलेली असल्याने ती स्वस्तात मिळत होती. तिच्यावर वडिलांनी बराच वेळ हात ठेवला. म्हणाले, "हा बोलतो आणि गप्प बसतो. हाच घे."

घर वरच्या मजल्यावर आहे हे कळल्यावर बाईंनी पेटीखाली ठेवायला जाड रबरी गादी दिली व ती काढू नका असे बजावले. घरी आल्यावर वडिलांनी ती काढली. "त्याला गादीवर बसवलंस तर मला काय मिळणार?" म्हणाले. मी पुन्हा घातली नाही.

वडील टीव्हीचा आवाज पूर्ण बंद ठेवत, फक्त पेटी चालू. अनवाणी पाय जमिनीवर टेकवून बसत. पहिल्याच दिवशी एका सिनेमात घोडा पडद्यावर यायच्या आधीच ते "घोडा आला!" म्हणून ओरडले व हसायला लागले. मी स्वयंपाकघरातून धावत आले. ते किती वेळ हसत होते हे मला सांगता येणार नाही. मी परत आत गेले.

मला वर नुसती हलकी घुमघुम ऐकू येई, त्यामुळे खाली त्रास होत असेल असे वाटले नाही. एके दिवशी घड्याळजींनी मला घरी बोलावले. त्यांचे कामाचे टेबल आमच्या बैठकीच्या खोलीखालीच आहे, आणि वर तेव्हा वडिलांचा सिनेमा चालू होता. त्यांनी आपले भिंग माझ्या डोळ्याला लावले व म्हणाले, "बघ पोरी, चाक दिसतंय का?" मला नुसते काहीतरी थरथरताना दिसले. मी म्हटले, "काका, आजच पेटी बंद करायला सांगते." त्यावर ते म्हणाले, "बंद नको. हल्ली हसतो म्हणे तो. मी जेवून तासभर पडतो ना, तेव्हा बघू दे त्याला." त्याप्रमाणे ठरले. वडिलांनी ते पाळले.

घटनेच्या दिवशी, मागच्या रविवारी, जेवण झाल्यावर वडिलांनी पडदे ओढून सिनेमा लावला. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून ते खोलीत अंधार करतात. घड्याळजींकडे त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचे काम घाईचे होते, म्हणून ते झोपले नव्हते, हे मला नंतर त्यांच्या पत्नीकडून, काकूंकडून कळले. मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तेथून बैठकीची खोली दिसते. बाहेरचे दार नुसते लोटलेले होते. दार वाजल्याचे मी ऐकले नाही. घड्याळजी आत आलेले मी पाहिले. त्यांनी वडिलांना हाक मारली. ती ऐकू जाणार नाही हे त्यांनाही माहीत होते, सवयीने मारली असावी. मग ते खुर्चीमागे वाकले व त्यांनी पेटीची पिन काढली.

वडील डोळे मिटून बसले होते. पायाखालचे एकदम थांबल्याने ते दचकून उठले व वळले. मागे अंधारात कोणीतरी उभे आहे एवढेच त्यांना दिसले असावे. त्यांनी दोन्ही हातांनी ढकलले. घड्याळजी म्हणत होते, "मी आहे रे बॉयलर, मी!" ते पेटीवर उजव्या बाजूने पडले. पेटी जड असल्याने हलली नाही. मी ओल्या हातांनी आत पळाले व पडदा सारला. उजेड झाल्यावर वडिलांनी कोण पडले आहे ते पाहिले. ते मला विचारत होते, "काय म्हणतोय तो? काय म्हणतोय?" घड्याळजी तेव्हा काही म्हणत नव्हते, कण्हत होते.

घड्याळजींच्या जावयांनी तक्रारीत लिहिले आहे की माझ्या वडिलांनी लोखंडी गजाने मारले. तसे झालेले नाही. आमच्या घरात गज नाही. माझ्या भावाचे म्हणणे असे की घड्याळजी न विचारता घरात शिरले व त्यांनी आधी हात उगारला, असे मी सांगावे. त्याने मला तसे दोन वेळा समजावले. "बाबांना या वयात कोठडीत बघायचंय का ताई?" असेही विचारले. घड्याळजींनी हात उगारलेला नाही. ते आमच्या घरात कधीच विचारून आलेले नाहीत. त्यांना तशी गरज नव्हती.

रुग्णालयात घड्याळजींच्या मनगटाला प्लास्टर घातले. हाड जुळेल, बोटांत पहिल्यासारखी नजाकत येईल की नाही ते सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. काकूंनी आम्हाला खोलीत येऊ दिले नाही. बाहेरच्या बाकावर, दिव्याखाली, वडिलांनी मला पुन्हा तेच विचारले. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसून सावकाश सांगितले, "काका म्हणत होते, मी आहे रे, मी." वडिलांनी मला ते परत म्हणायला लावले.

दुसऱ्या दिवसापासून वडील सकाळी चहा घेऊन झाला की खाली जात व घड्याळजींच्या दाराबाहेर पायरीवर बसत. जावई येता जाता त्यांना ओलांडून जात. मी बोलवायला गेले तर म्हणत, "तू जा कामावर." पेटी पंचनाम्याच्या वेळी ठाण्याच्या माणसांनी ताब्यात घेतली आहे. ती परत हवी का असे आज मला विचारण्यात आले. वडिलांनी त्याबद्दल काही सांगितलेले नाही, म्हणून मलाही सांगता येत नाही.

काल मी कामावरून आले तेव्हा पायरीवर वडील नव्हते. घड्याळजींचे दार उघडे होते. काकू दारातच होत्या. त्यांनी मला आत ये म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही. वडील घड्याळजींच्या टेबलाशी स्टुलावर बसले होते. एक घड्याळ त्यांनी दोन्ही हातांच्या अंगठ्यांत घट्ट धरले होते व घड्याळजी डाव्या हाताने बारीक पेचकस फिरवून पाहत होते. डाव्या हाताला सवय नाही. माझ्यादेखत पेचकस दोनदा घसरून वडिलांच्या अंगठ्यात घुसला. रक्त आले. वडिलांनी हात मागे घेतला नाही. घड्याळजींनी पेचकस सदऱ्याला पुसला व परत लावला. मी वर आले.

तक्रारीचे काय करायचे ते घड्याळजींनी ठरवावे. जे झाले ते मी पाहिले तसे सांगितले आहे. ढकलले ते माझ्या वडिलांनीच.

हा जबाब लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच व तेवढेच यात आहे. मान्य करून सही करते.