खुशीची फुंकर

सखाबाई : नाही म्हून लिवा, बाई. आमच्या घरी असं काई नाही.

पुष्पाबाई : माझा सवाल तरी पुरा होऊ द्या, सखाबाई. पेट्रोल, थिनर, रंग, पंक्चर जोडाचं सुलेशन, यातलं घरात काय ठेवता?

सखाबाई : काईच नाही. खुशी जाऊन दोन महिने झाले. आता कायले विचारून राहिल्या?

पुष्पाबाई : मले का हौस आहे? नागपूरच्या दवाखान्यातून फॉर्म आला. रक्ताच्या कॅन्सरनं लेकरू गेलं, तर त्याच्या घरची हवा कशी होती ते विचारायचं. गावची आशा मी, म्हणून मलेच यावं लागलं.

सखाबाई : तलावाच्या पाळीवर राहातो आमी. हवाच हवा आहे.

धनीराम : खोटं काहून बोलून राहिली, खुशीची माय? कोनट्यातल्या ट्यूबा दाखव त्यायले.

सखाबाई : तुमी जा ना जी, जाळं पाहा तुमचं!

पुष्पाबाई : कायच्या ट्यूबा, भाऊ?

धनीराम : टरकच्या. डोंगा कोठं आहे आमच्याजवळ? फुगवलेल्या ट्यूबेवर बसून जाळं टाकतो. काटा लागला का पंक्चर. साऱ्या मोहल्ल्याच्या ट्यूबा मीच जोडत होतो. पेट्रोलनं पुसायची, सुलेशन लावायचं, ठिगळ मारायचं.

पुष्पाबाई : कुठं बसून?

सखाबाई : आंगणात!

धनीराम : घरात. दार लावून. वारा आला का माती उडते, मातीवर ठिगळ धरत नाही.

पुष्पाबाई : भाऊ, पेट्रोलमध्ये बेंझीन राहाते, सुलेशनमध्येही राहू शकते. बंद खोलीत ते श्वासातून रक्तात जाते, त्यानं असा कॅन्सर होऊ शकते. पण एका लेकराले कशानं झालं, हे डॉक्टरलेही सांगता येत नाही.

सखाबाई : पाहा! बाईच नाही म्हणते.

धनीराम : नाही म्हणत नाही ते. सांगता येत नाही म्हणते. बाई, सरकारले ठावं होतं का हे?

पुष्पाबाई : बाहेरच्या हवेत बेंझीन किती चालते, त्याचा नियम आहे. शहरात यंत्रानं मोजतात. घरातल्या हवेले नियम नाही. घरात कोण येते मोजाले?

सखाबाई : मंग लिवून काय होते? पोरगी वापस येते का माही? दोन महिने झाले, हे धड जेवत नाहीत. हे कागदावर चढलं, तर एक दिवस तलावातून घरी येणार नाहीत. म्हून नाही म्हणून राहिली मी!

धनीराम : तुले ठावं होतं?

सखाबाई : दवाखान्यातल्या बाईनं विचारलं होतं, घरात कायचा वास राहाते म्हून. तवाच समजली मी. सुलेशनच्या साऱ्या डब्या खड्डा खंदून गाडल्या.

धनीराम : अन् मले वाटलं, बाजूचा टेकचंद घेऊन गेला. आता तोच जोडते, त्याच्या घरी.

पुष्पाबाई : दार लावून?

धनीराम : मीच शिकवलं त्याले. त्याची पोरगी गुंजन बाजूले बसून राहाते.

पुष्पाबाई : तुमचं घर मी कोरं लिहिलं, तर टेकचंदच्या दारात जाऊन काय सांगू?

सखाबाई : बाई, हात जोडते.

धनीराम : लिवा. सारं लिवा.

(धनीराम कोनट्यातली ट्यूब आणून मांडीवर घेतो.)

धनीराम : सुलेशन वाळल्याबिगर ठिगळ मारता येत नाही. मले घाई राहे. मी म्हणो, खुशे, मार फुंकर. ते ट्यूबेवर वाकून, गाल फुगवून फुंके. दम लागे, तर तेथंच श्वास घेये. अन् आणखी फुंके.

पुष्पाबाई : एवढं नाही विचारलं फॉर्मात, भाऊ.

धनीराम : तरी लिवा. तिनं वाळवलेलं एकही ठिगळ अजून निघालं नाही.