न झालेला सत्कार

महाड स्टँडवर पोलादपूरच्या गाडीसाठी रांग लागली होती. पुढे कापडे गावच्या सुईण बयाबाई आणि वार्ताहर सावंत बोलत होते. त्यांच्या मागे दीप्ती ओढणीत तोंड लपवून उभी होती. पत्रकारितेच्या वर्गासाठी तिला ‘ब्लॉग’ या विषयावर निबंध लिहायचा होता. वही उघडी होती, पण कान पुढे लागले होते.

“सावंतभाऊ, पेपरात माझा सत्कार झाला म्हनं.”

“झाला ना, मावशी. ‘उत्साहात संपन्न’ असं लिहिलंय मी.”

“सत्कार करनारे सायेब आलेच नाय. मंडप रिकामा. माझी शाल कुठं हाय?”

“बातमी आदल्या दिवशीच पाठवावी लागते हो. साहेब येणार नाहीत, हे मला कसं कळणार?”

“एका पोरीला कळलं. तिनं कॉम्प्युटरवर लिवलंय. माझ्या पोरानं मुंबैवरनं फोन करून सगळं वाचून दाखवलं.”

“तो ब्लॉग, मावशी. त्याला ना संपादक, ना कोणी तपासणारा. मनाला येईल ते लिहायचं.”

“पन ती आलेली. त्या रिकाम्या मंडपात बसून माझ्या घरची चाय प्याली.”

“चहा पिऊन कोणी पत्रकार होतं का?”

“नाय होत. तीबी खोटं लिवते. चाय गोड होती म्हनं. घरात साखरेचा दाना नव्हता त्या दिवशी.”

“बघा. मी काय सांगत होतो?”

बयाबाई सावकाश मागे वळल्या.

“दीप्ती, ओढनी काढ गो, गुदमरशील. आनि घरी गेलीस की त्या चायतली साखर तेवढी काढून टाक.”