पहिल्या खेपेची गाडी

माझे अप्पा गेल्यावर त्यांची मोटारसायकल विकायची होती, म्हणून मी तंजावरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये थांबले होते. शेजारच्या बाकावर एक वयस्क नवरा-बायको आपल्या मराठीत बोलत होते.

"पोराची गाडी विकायचीच आहे, तर स्प्रिंग कशाला बदलता?"

"ही कारखान्यातून निघालेल्या पहिल्या खेपेची गाडी, अंबा. खड्ड्यात आदळली की साइड स्टँड आपोआप खाली येतो. म्हणून कंपनी स्टँडला नवी स्प्रिंग बसवून देते. घेणाराही कुणाचा तरी मुलगाच असेल."

"आपल्या भरद्वाजला हे ठाऊक नव्हतं?"

"होतं."

"रामेश्वरला जायचं म्हणून मागे पेट्या बसवल्या, पुढे उंच काच लावली. एवढ्याशा स्प्रिंगला वेळ मिळाला नाही?"

"त्याला इथे शुक्रवारी साडेदहाला बोलावलं होतं."

"शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो."

"तेच मी म्हटलं. राहुकाळात गाडीला पाना लावू नकोस, सोमवारी जा."

"आणि शनिवारी तो इथे जवळच, पापनाशमला निघाला."

"डाव्या वळणावर स्टँड रस्त्याला अडकला. पोलिसांनी मला सांगितलं होतं, मी तुला सांगितलं नाही. माझ्यामुळे गेला तो."

"शुक्रवारी तो निघाला होता ते मला ठाऊक आहे, कशासाठी ते नव्हतं. तुमचं ऐकून तो स्वयंपाकघरात आला होता. अम्मा, तू सांग, जाऊ का, म्हणाला."

"तू काय म्हणालीस?"

"राहुकाळात बाहेर पडलास तर पान वाढणार नाही, म्हटलं. तो हसला, हेल्मेट खाली ठेवलं आणि जेवायला बसला."