टाकीला सुट्टी नसते

दासगावकर मंडळी, काकी, आणि कामाची पाळी संपवून तसेच इथे आलेले आमचे कंपनीवाले. मला बोलायला उभं केलंत, तर बोलते. सुदामकाका गेल्या आठवड्यात कामावरून घरी येताना छातीत कळ येऊन गेले. अजून खरं वाटत नाही.

मी मनीषा. काकांच्या हाताखाली नोंदी लिहायचं काम करते. कारखान्याचं सांडपाणी खाडीत सोडण्याआधी साफ करायचं, हे आमचं काम. मोठी टाकी असते, तिच्यात जिवाणू पाळलेले असतात. ते पाण्यातली घाण खातात. पण त्यांना सतत हवा लागते. कारखाना बंद असला तर खायलाही घालावं लागतं. गूळ, शेण. होय, शेण! काका बी.एस्सी. झालेले, आणि बादलीत शेण कालवायचे.

म्हणून त्यांना रजा नाही. गणपतीत कारखान्यांची सगळी वसाहत ओस, काका टाकीवर. काकी म्हणायच्या, "आमच्या ह्यांच्या गौरी तिकडं टाकीत हायत, निवद दाखवाया गेलेत." आपण सगळे हसायचो. हसायचो की नाही?

मग एका वर्षी तुम्हीच हट्ट धरलात. "सुदाम, औंदा आरतीला तू पायजेस म्हंजे पायजेस." काका आले. नाचलेसुद्धा. तिकडे कंपनीत कुणाला तरी वाटलं, पाणीच येत नाही तर टाकीत हवा कशाला? बटण बंद केलं. सण संपून कारखाना सुरू झाला, तेव्हा टाकीतलं सगळं मेलेलं. पाणी तसंच खाडीत गेलं. मासे मरून वर आले.

त्या माशांची टोपली घेऊन लोक कुठे गेले? कंपनीच्या गेटवर? नाही. तिथे वॉचमन असतो. टोपली काकांच्या ओट्यावर ओतली. "तू हायस ना तिकडं? मग?" आणि कंपनीत साहेबांनी विचारलं, "तुम्ही होतात कुठे?" इकडे आड, तिकडे विहीर. मंडळी, मला राग येतो. तुमचाही येतो, त्यांचाही येतो.

मी म्हटलं, "काका, सोडा ही नोकरी."

"मग टाकी कोन बघंल गो? खाडी तर आपलीच हाय."

"मग मला शिकवा टाकी सांभाळायला."

"नाय. शिकलीस का अडकलीस. तू पुण्याला जा."

शेवटपर्यंत शिकवलं नाही. टाकी बिघडली की मला काहीतरी निमित्त काढून लांब पाठवायचे. मी लांबून बघायचे.

पुण्याची नोकरी मला लागली होती. फक्त काकांना माहीत होतं. आई, तुलाही आज इथेच कळतंय.

काका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी टाकीवरचा फेस काळा पडला. कुणाला काही सुचेना. माझे हात आपोआप चालले. येणारं पाणी अडवलं, हवा वाढवली. टाकी वाचली. साहेब म्हणाले, "चला, आता काळजी नाही." त्यांना नव्हती. मी मात्र भिंतीआड जाऊन रडले.

आता पुण्याला कशी जाऊ? काल नको म्हणून कळवलं. मनापासून नाही कळवलं, मंडळी.

काका, तुमचं ऐकलं नाही मी. नमस्कार करते.

उभे राहू या. मला थांब म्हणू नका, जाही म्हणू नका. थोडा वेळ नुसते गप्प उभे राहा माझ्याबरोबर.