सपाट छपरं

आमच्या डकोटात तीन दिवस बर्फ थांबला नव्हता. दवाखान्यात नंबरची वाट बघत होतो. मागे म्हातारे आर्किटेक्ट हॅल्वर आणि त्यांची बायको इन्गा बसली होती.

"ठेव तो फोन. सकाळपासून किती शाळांना छळलंस?"

"नऊ. दहाव्या शाळेचा शिपाई उचलतच नाहीये."

"अडकला असेल बिचारा बर्फात."

"छपरावर पट्टी लावून बघ, किती साचलाय, एवढंच विचारायचंय गं."

"चाळीस हिवाळे हेच विचारतोयस. तू बांधलेलं एक तरी छप्पर पडलं का?"

"वेळेवर फावडी चालली म्हणून नाही पडलं. बाबा सांगत होते, इथे उतरतंच छप्पर हवं. मी म्हटलं, तुम्ही तुमची धान्याची कोठारं बांधा."

"पण लोकांना आवडली होती ना तुझी सपाट छपरं?"

"उन्हाळ्यात."

"बरं, चल, तिकडे मधोमध बसू. इथे दारातून वारा झोंबतोय."

"नको. इथेच बरंय."

"हॅल्वर, हा दवाखानाही तुझाच ना रे?"

"कोट काढू नकोस, इन्गा."